सतरावी पायरी, तिसरा कठडा

"छत्री मिटा. अख्ख्या पायरीची अब्रू जाईल."

माझ्या उजव्या कानाशी कुणीतरी हे इतक्या सौजन्याने म्हणालं, की आधी मला ते कौतुकच वाटलं. प्रेमकथेतला नायक पहिल्या भेटीत छत्री धरतो, असा तोवर माझा समज होता. माझ्या वाट्याला मिटायला लावणारा आला.

"पाऊस पडतोय," मी म्हटलं.

"पडतोय ना. पण तो सगळ्यांवर पडतोय आणि छत्री एकट्या तुमच्यावर आहे. मागच्या सोळा पायऱ्यांना मगाचपासून मैदानाऐवजी काळं कापड दिसतंय. अजून कुणी बोललं नाही, कारण आपण अजून गोल खाल्लेला नाही. एकदा खाल्ला, की दोष कुणाचा हे ठरलेलं आहे."

मी छत्री मिटली. तिसऱ्याच मिनिटाला आपण गोल खाल्ला. मागून कुणीतरी गंभीरपणे म्हणालं, "बाई, उघडा ती परत."

शेजारचा हसला. भिजलेल्या माणसाने खरं तर हसू नये… फार बरा दिसतो.

बाबांना जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. मागे राहिलेल्या वस्तूंत क्लबचं सभासदपत्र होतं, लोकरी टोपी होती, गालाला खळी पडावी तसा पोचा आलेला निळा फ्लास्क होता, आणि घराची एक किल्ली होती, जिने आमचं दार कधीच पहिल्या झटक्यात उघडलं नाही. बाबा पोस्टात पत्रं लावायचे. घरी ते इतकं कमी बोलत, की पाहुण्यांना वाटावं यांच्या शब्दांनाही तिकीट लागतं. एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी टोपी घालून निघायचे. लहानपणी एकदा मी विचारलं, कुठे जाता? "सतरावी पायरी, तिसरा कठडा," ते म्हणाले. त्यांच्या मानाने हे भाषणच झालं. मी पुढे काही विचारलं नाही, तेही चल म्हणाले नाहीत. आता ते नव्हते, आणि मला बघायचं होतं, की आम्हाला घरी सोडून हा माणूस सदतीस वर्षं नक्की काय बघत होता.

माझी बस वरच्या फाटकाशी थांबते. तिथून आत शिरले तर समोर खुर्ची नावाला नाही. नुसत्या सिमेंटच्या रुंद पायऱ्या, थेट मैदानापर्यंत उतरत गेलेल्या, वर छप्पर नाही, आणि दर पाच पायऱ्यांवर टेकायला कमरेएवढे लोखंडी कठडे. कठड्यांना इतक्यांदा रंग दिलेला, की आत लोखंड आहे यावर विश्वास ठेवावा लागे. कठड्यांच्या प्रत्येक ओळीत डावीकडून एक, दोन, तीन असे आकडे रंगवले होते, पायऱ्यांवर नव्हते. त्या मी उतरता उतरता मोजल्या. सतरावीवर नेमका कठडा आला, त्यावर तीनचा आकडा होता. मी टेकले. बाबा इथेच टेकत असणार, असं मनाशी म्हटलं, आणि डोळे भरून यायच्या आत छत्री उघडली. पुढचं सांगितलंच.

सामना संपला तेव्हा आपण तीन गोलांनी हरलो होतो.

"परत याल?" त्याने विचारलं.

"हे नेहमी असंच खेळतात?"

"नाही नाही. आज बरे खेळले."

मी परत गेले. बाबांसाठी जाते, असं आईला सांगितलं. पहिल्या दोन वेळा ते खरंही होतं.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. पायऱ्यांवर सगळे त्याला लिफ्टवाला म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. तिथे नावाने कुणी कुणाला ओळखत नसे.

"लोक माझ्याशी फक्त अडकल्यावर बोलतात," तो एकदा म्हणाला. "दोन मजल्यांच्या मध्ये. दाराच्या फटीतून. तुम्ही काय करता?"

"कवळ्या बनवते. लोकांना तिसऱ्यांदा दात येतात ते माझ्या हातून."

"म्हणजे लोक तुमच्याकडे बघून हसतात ते…"

"माझेच दात घालून हसतात. त्यामुळे कुणाच्या हसण्यावर माझा पटकन विश्वास बसत नाही."

त्याने लगेच तोंड मिटलं. मग हळूच, बोटाने ओठ बाजूला करून, डावीकडची एक दाढ दाखवली. "ही सोडून सगळे घरचे आहेत."

मी वाकून तपासली. माझं कामच ते आहे. पण तपासायला लागला तेवढा वेळ कामाचा नव्हता, हे मी इथे कबूल करते.

तिसऱ्या सामन्याला मी पहिल्यांदा बाबांचा फ्लास्क नेला. चहा ओतून कप त्याच्यापुढे धरला, तर तो कपाकडे न बघता फ्लास्कच्या पोच्याकडेच बघत राहिला. काहीतरी बोलणार होता… मग त्याने कप घेतला. दोन्ही हातांनी, जपून, परीक्षेला बसल्यासारखा.

पायऱ्यांवर दाटी असायची. त्याच्या बाजूला कठड्याचा उभा खांब होता, तो त्याच्या बरगडीत रुतायचा. "इकडे सरका की," मी म्हणायचे. "सवय आहे," तो म्हणायचा. आणि खरं सांगायचं तर सरकायला जागा अशी नव्हतीच. माझा डावा दंड एका रंगाच्या दुकानदाराला लागलेला असायचा आणि उजवा त्याला. दोन्ही बाजूंना दाटी सारखीच होती, पण तक्रार मला फक्त डावीकडची होती.

एकदा आपण गोल केला. असं कधी कधी व्हायचं. अख्खा उतार पाण्यासारखा पुढे लोटला, माझे पाय सुटले, आणि त्याने माझा हात पकडला. मग पंचांनी गोल रद्द केला. बाकी काही रद्द करायचं त्यांना सुचलं नाही, त्यामुळे हात तसाच राहिला. दोघंही समोर बघत होतो. समोर काय चाललंय ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

त्याच दिवशी मला ती जागा दिसली. आमच्या बरोबर खाली, पाच पायऱ्यांवर, पुढच्या कठड्याशी एक माणूस मावेल एवढी फट होती. मुंगीला शिरायला जागा नव्हती अशा गर्दीत ती तेवढी रिकामी. शेजारी खाकी रेनकोटातली एक म्हातारी बाई, दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारायची, की पंचही दचकायचे. तिला सगळे शिट्टीबाई म्हणत.

"तिथे कुणी उभं का राहत नाही?" मी विचारलं.

त्याने मफलर नीट केला. नीट होता तरी.

"तिथे… गळतं."

मी आभाळाकडे पाहिलं. छप्पर नव्हतंच. "गळतं तर सगळीकडेच."

"तिथे जास्त गळतं."

मी खूप हसले. माणूस आवडायला लागला, की त्याच्या थापा विनोदात जमा होतात.

असे दोन हंगाम गेले. मग क्लबच्या समितीने जाहीर केलं, की जुनं मैदान पाडणार आणि गावाबाहेर नवं बांधणार. तिथे प्रत्येकाला क्रमांकाची खुर्ची मिळेल, कारण उभं राहून सामना बघणं धोक्याचं आहे. समिती स्वतः जन्मापासून बसलेली असल्यामुळे तिला हे कुणी सांगितलं, ते कळलं नाही. मात्र जाता जाता तिने एक माणुसकीची गोष्ट केली. प्रत्येक सभासदाला तारेत ओवलेला एक पत्र्याचा बिल्ला मिळणार. त्यावर सभासद क्रमांक. शेवटच्या सामन्याला आपण ज्या कठड्याशी उभे राहिलो, त्याला तो बांधायचा; क्लब तेवढा हातभर तुकडा कापून घरी पोचवणार. माणशी बिल्ला एकच. सामना संपेपर्यंत ज्याला बिल्ला नाही, तो कठडा भंगारात.

बिल्ला बाबांच्या क्रमांकाचा होता. मी तो आठवडाभर पर्समध्ये घेऊन हिंडले. घरात त्यांचा फोटो होता, टोपी होती, पण ते जिथे टेकत होते असं काही नव्हतं. घरी ते कुठे टेकलेच नाहीत. मला तो हातभर लोखंडाचा तुकडा हवा होता, एवढंच नाही, तो दुसऱ्या कुणाला मिळता कामा नये असं वाटत होतं.

शेवटच्या शनिवारी बारीक भुरभुर होती. छत्री कुणाचीच नव्हती. मी जाताच, पंच मैदानात यायच्याही आधी, बिल्ला कठड्याला बांधला. तारेला तीन पीळ दिले.

"झालं," मी म्हटलं. "बाबा घरी येणार."

मला वाटलं, तो काहीतरी वात्रट बोलेल. तो त्या बिल्ल्याकडे बघत होता. त्याचा स्वतःचा अजून मुठीतच होता.

"तुमचा बांधा की. माझ्या शेजारी. दोन तुकडे लागून निघतील."

"हो… बांधतो." मग पहिला अर्धा भाग तो बिल्ला मुठीतच फिरवत राहिला. मध्यंतराची शिट्टी झाली आणि म्हणाला, "आलोच."

तो खाली उतरला. एक, दोन, तीन… पाच. त्या रिकाम्या फटीपाशी गेला. शिट्टीबाईने पिशवी आडवी धरली, दोघांची काहीतरी वादावादी झाली, मग तो वाकला आणि त्या कठड्याला त्याने बिल्ला बांधला.

मला राग आला. दोन वर्षं माझ्या शेजारी उभं राहायचं, माझा चहा प्यायचा, आणि आठवण म्हणून न्यायला दुसरीकडचं लोखंड? मी फ्लास्क उचलला आणि गर्दीतून वाट काढत खाली गेले. पायऱ्यांवर मागे वळून बघायची पद्धत नसते, त्यामुळे मी येतेय हे कुणाला कळलं नाही.

"इथे जास्त गळतं ना?" मी म्हटलं.

तो वळला. अडकलेल्या लिफ्टमधून लोक जसे बघतात, तसा.

"मी सांगणार होतो," तो म्हणाला.

"काय?"

"पायऱ्या खालून मोजतात. मैदानाला लागून आहे ती पहिली. इथे सगळे तशाच मोजतात. ही सतरावी आहे. तुम्ही वरून मोजल्यात… तुम्ही बाविसाव्या पायरीवर उभ्या होतात."

तेवढ्यात शिट्टीबाईची नजर माझ्या हातातल्या फ्लास्कवर गेली.

"हा कुठून आणलास?"

"माझ्या बाबांचा आहे."

"म्हणजे तू भोंग्याची मुलगी?"

"कुणाची?"

"भोंग्याची गं. तुझ्या बापाची. इथून ओरडला तर पलीकडचा गोलकीपर कान धरायचा." तिने पिशवी बाजूला केली. "दोन वर्षं जागा राखलीये आम्ही. इथला माणूस गेला, की त्याच्या घरचं कुणी येईपर्यंत त्याच्या जागी कुणी उभं राहत नाही. लोकांच्या शिव्या खाल्ल्या, कोपरं खाल्ली. म्हटलं, येईल कुणीतरी. आणि तू होतीस कुठे?"

"तिथे." मी वर बोट केलं.

बाईने वर पाहिलं, मग लिफ्टवाल्याकडे पाहिलं, आणि शाळेत चाळीस वर्षं खेळ शिकवलेल्या बाईला जेवढं कळायला हवं तेवढं सगळं तिला कळलं. "अस्सं," ती म्हणाली आणि मैदानाकडे तोंड करून अत्यंत लक्षपूर्वक रिकामं मैदान बघू लागली.

"कधीपासून माहीत होतं?" मी त्याला विचारलं.

"फ्लास्क आणलात तेव्हापासून. तो पोचा माझ्यामुळे आलाय. एकदा तुमच्या बाबांनी थंडीत तो मागे पाठवला होता, तेवढ्यात गोल झाला आणि मी सोडला."

"आम्हाला ते पोस्टात पडला म्हणाले होते."

"मला वाचवलं त्यांनी. तुम्ही फ्लास्क आणलात त्याच दिवशी सांगणार होतो. पण तुम्ही कप पुढे केलात. पुढच्या वेळी सांगणार होतो, तर तुम्ही दाढ तपासलीत ते आठवलं. त्यानंतर… सांगणार नव्हतो. सांगितलं असतं तर तुम्ही पाच पायऱ्या खाली आला असतात. मी कुठल्या तोंडाने मागे आलो असतो?"

"आणि वर मी उभी राहते ती जागा कुणाची?"

त्याने पुन्हा मफलर नीट केला.

"त्याचीच," शिट्टीबाई मैदानाकडे बघतच म्हणाली. "खांबापाशी कोण मरायला उभा राहतो?"

मी हिशेब लावला. माझा बिल्ला त्याच्या कठड्यावर. त्याचा बिल्ला माझ्या बाबांच्या कठड्यावर. स्वतःच्या जागेसाठी त्याच्याकडे दुसरा बिल्ला नव्हता.

"मी बिल्ला बांधला नसता, तर हा भंगारात गेला असता," तो म्हणाला. "तुकडा आला की तुम्हाला आणून देणार होतो. तेव्हा सांगणार होतो."

"तेव्हा तरी नक्की?"

"…बहुतेक."

राग होता. अजूनही थोडा आहे, मी तो जपून ठेवलाय, लग्नाला उपयोगी पडतो. दोन वर्षं लोक माझ्यासाठी कोपरं खात होते आणि हा माणूस मला चहाच्या कपावरून हसवत होता. मी म्हटलं, "तुम्ही जा वर." तो गेला. मान खाली घालून, पायऱ्या मोजल्यासारखा.

दुसरा अर्धा भाग सुरू झाला. मी बाबांच्या जागी टेकले. "खालून हात फिरव," शिट्टीबाई म्हणाली. मी कठड्याच्या खालच्या बाजूने बोटं फिरवली. माझी बोटं दिवसभर दातांच्या कडा वाचतात. त्यांना चटकन कळलं. रेघा होत्या. जाड रंगात खोल कोरलेल्या, एकीला लागून एक.

"जिंकलं, की घराच्या किल्लीने एक रेघ," ती म्हणाली. "सदतीस वर्षांच्या मानाने कमीच आहेत. आपला क्लब तुला माहीतच आहे."

आमचं दार पहिल्या झटक्यात का उघडत नसे, ते मला एकोणतीस वर्षांनी कळलं.

"ही एक आडवी आहे," मी म्हटलं. सगळ्या उभ्यांमध्ये बोटाला तेवढी एकच वेगळी लागली.

"ती? त्या दिवशी आपण चार गोलांनी हरलो होतो. हा दवाखान्यातून धावत उशिरा आला आणि हरलेला असताना रेघ ओढायला लागला. आम्ही म्हटलं, अरे भोंग्या, आज कसली? तर म्हणाला, मुलगी झाली." तिने नाक पुसलं. "मग इतका ओरडला, की समोरच्यांना वाटलं आपण गोल केला."

मी काही बोलू शकले नाही. म्हणून ओरडले. मैदानावर आमचा डावखुरा चेंडू घेऊन भलत्याच दिशेला धावत होता, आणि माझ्या तोंडून असा आवाज निघाला की पुढच्या चार पायऱ्यांनी पद्धत मोडून मागे वळून पाहिलं. "झालं," कुणीतरी समाधानाने म्हणालं, "भोंगा आला."

सामना संपायला दहा मिनिटं होती तेव्हा मी शिट्टीबाईला म्हटलं, "बाई, ही जागा आता सोडली तर चालेल?"

"राखायची होती ती राखली. आता मैदानच पाडतायत." तिने डोळा मारला. सत्तरीच्या बाईने असा डोळा मारलेला मी पाहिला नव्हता. "जा. वर जास्त गळत असेल."

मी पाच पायऱ्या चढले. तो खांबाला टेकून होता, माझी जागा तशीच रिकामी ठेवून.

"सरक," मी म्हटलं.

"कुठे?"

"तुझ्या जागेवर. आज खांब माझ्याकडे."

तो सरकला. खांब बरगडीत खरंच रुततो. दोन वर्षं हा माणूस हे सोसून विनोद करत होता.

"रागावलात?"

"अहो-जाहो बंद कर. रागावलेय."

तेवढ्यात वही घेऊन क्लबचा कारकून आला. पायरी-पायरी फिरून तो बिल्ल्यांची नोंद करत होता. माझा बिल्ला उलटून म्हणाला, "हा तुकडा कुठल्या पत्त्यावर?"

"खालच्या पायरीवर एक आहे, यांचा. तो आणि हा, दोन्ही एकाच पत्त्यावर पाठवा."

"कुठल्या?"

"ते यांना विचारा. माहिती दडवण्यात यांचा हातखंडा आहे."

लिफ्टवाला माझ्याकडे बघत राहिला. रोज माणसं वर नेणारा माणूस, पण ही एक गोष्ट त्याच्या डोक्यापर्यंत चढायला चांगलं अर्धं मिनिट लागलं. कारकुनाने पेन्सिल जिभेला लावली.

"एकाच…?" तो म्हणाला.

"एकाच."

"चौथा मजला आहे," त्याने कसंबसं सांगितलं. "आणि… लिफ्ट नाही."

"पायऱ्यांची मला सवय आहे," मी म्हटलं. "फक्त यापुढे खालून मोजेन."

आपण हरलो. एका गोलाने, शेवटच्या मिनिटाला, रीतसर. लोक बराच वेळ हलले नाहीत. कुणी कठड्यावरून हात फिरवत होतं, कुणी उगाच एखाद्या पायरीवर उभं राहून बघत होतं. त्याने माझा हात धरला, आणि या वेळी रद्द करायला पंच मैदानात नव्हते. मी दुसऱ्या हाताने पर्समधून बाबांची किल्ली काढली, खाली वाकले आणि त्याच्या कठड्याच्या खालच्या बाजूला एक रेघ ओढली. आडवी.

"हरलो ना आपण?" तो म्हणाला.

"गप्प बस. भोंग्याच्या मुलीला कळतं काय मोजायचं ते."

संध्याकाळी आम्ही दोघं आमच्या दाराशी उभे होतो, ओलेचिंब. मी किल्ली फिरवली. फिरेना. पुन्हा फिरवली.

"मी बघू का?" तो कुजबुजला. "अडकलेली दारं माझ्याकडे असतात."

तेवढ्यात आईने आतून दार उघडलं. तिने माझ्या हातातल्या, कठड्याच्या रंगाचे कण लागलेल्या किल्लीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, डोक्यापासून बुटांपर्यंत, सावकाश.

"जिंकलात वाटतं," आई म्हणाली, आणि टॉवेल आणायला आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात दोन होते.